डीकनच्या कुंपणाची उंची

यावर तुमच्यापैकी कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. न्यू हॅम्पशरच्या या डोंगरांत गेली चाळीस वर्षं ही गोष्ट सांगितली जातेय, आणि चाळीस वर्षांत तिच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस भेटला. तो ठार बहिरा होता. तरी ऐका. बाहेर रस्त्यावर मार्चचा चिखल आहे, घोडे पोटापर्यंत रुततायत, लायमनच्या दुकानातली ही शेगडी सोडून तुम्ही जाणार तरी कुठे?

तर पेलेग फिफील्ड. उंच, सडपातळ, आणि बोलायला इतका सावकाश, की त्याने सकाळी ‘आज हवा बरी आहे’ म्हणायला सुरुवात केली तर वाक्य संपायच्या आत पाऊस यायचा, आणि बिचाऱ्याला ते मागे घेऊन नव्याने सुरुवात करावी लागायची. शंभर एकर दगड आणि त्यांच्या फटींत सापडेल तेवढी माती, ही त्याची इस्टेट. पण आपल्या ब्रॅमली गावात पेलेगचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणूनच सतराशे अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात, देशाची नवी राज्यघटना स्वीकारायची की नाही हे ठरवायला एक्झेटरला परिषद भरायची होती, तेव्हा गावसभेने त्याला आपला प्रतिनिधी निवडलं. निवडलं आणि हातात एक कागद दिला. कागदावर मजकूर एवढाच: ब्रॅमली गावाचं मत, नको.

“लक्षात राहील ना?” डीकन सॅनबॉर्नने निघताना विचारलं. डीकन म्हणजे देवळाचा कारभारी. गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा आणि मेपलचा रस आटवायची सगळ्यात मोठी काहीलही त्याचीच.

“एकच शब्द आहे, डीकन,” पेलेग म्हणाला. “वाटेत सांडणार नाही.”

सांडला नाही. पण एक्झेटरच्या त्या दहा दिवसांत, लोकांचं ऐकता ऐकता, त्या शब्दाला मोड आले.

झालं असं. पेलेग तिकडे गेला तो ही घटना लिहिणारे सगळे लबाड आहेत, असं धरून. तिथे एकेक कलम वाचलं गेलं, त्यावर वाद झाले, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की लिहिणाऱ्यांचंही नेमकं हेच मत होतं. त्यांनी कोणावरच विश्वास ठेवला नव्हता. राष्ट्राध्यक्षावर नाही, कायदे करणाऱ्यांवर नाही, न्यायाधीशांवर नाही, आणि स्वतःवर तर मुळीच नाही. प्रत्येकाच्या दाराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली शेजाऱ्याकडे दिली होती. पेलेगला हे फार आवडलं. तो स्वतःला पन्नास वर्षं ओळखत होता, आणि स्वतःच्या हाती सगळ्या किल्ल्या द्यायची त्याची एक दिवसही तयारी नव्हती.

परिषदेत असे बरेच जण निघाले. मन म्हणतं हो, आणि खिशातला गावचा कागद म्हणतो नको. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की आता मत घेऊच नये. घरी जा, गावाला विचारून या, जूनमध्ये कॉन्कॉर्डला पुन्हा भेटू.

पेलेग घोड्यावर बसून परत निघाला. जाताना खोगिरावर एकच मत होतं. येताना दोन होती, आणि दोन्ही एकमेकांना सगळ्या वाटेने लाथा मारत होती. घोडा इतका दमला की शेवटचे सहा मैल त्याला पेलेगने पाठीवर घेतलं.

“घोड्याला?” लायमनने गल्ल्यामागून विचारलं.

घोड्याला. खोगीर काढून, अर्थात. एवढी अक्कल पेलेगला होती.

घरी कझाया, म्हणजे त्याची बायको, बीन्सचं मडकं चुलीतून बाहेर काढत होती.

“शनिवारचं मडकं होतं ते,” शेगडीच्या पलीकडे मोजे विणत बसलेली हिटी म्हणाली. हिटी पेलेगची मुलगी. तेव्हा बारा वर्षांची, आता पन्नाशी ओलांडलेली. “आणि बाबा गुरुवारी आले. गुरुवारी आमच्याकडे खारं डुकराचं मांस असायचं.”

असेल, मांस असेल. कझाया मांस वाढत होती. पेलेगने तिला सगळं सांगितलं. त्याला सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते गार झालं.

“मग द्या की मत तुम्हाला पटेल तसं,” कझाया म्हणाली. “कॉन्कॉर्डला कोण बघायला येतंय? डीकनच्या घोडीला एवढ्या लांबचं झेपत नाही.”

“देव बघतो.”

“अहो, देवाने कुठे म्हटलंय नको म्हणून? नको म्हणाला तो डीकन.”

पेलेगने सुरी खाली ठेवली. “असं बघ. त्या घटनेची पहिली ओळच सांगते की हे सगळं लोकांनी केलंय. लोकांनी, म्हणजे आपणच. आता आपल्या गावच्या लोकांनी सांगितलं नको, आणि मी तिथे जाऊन त्यांच्याच नावाने हो म्हटलं, तर ती पहिली ओळच खोटी पडली. मग खालच्या सगळ्या कुलपांना काय चाटायचंय? चोराने बसवलेली कुलपं ती.”

“मग नको म्हणून मोकळे व्हा.”

“ते आता माझ्या तोंडातून निघायचं नाही.”

“हो म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही. मग तिथे जाऊन काय, सभागृह झाडणार आहात?”

“गावाला सांगणार. म्हणणार, तुमचा कागद परत घ्या आणि मला मोकळा करा. केलं तर जाईन आणि मनाला पटेल ते बोलेन. नाही केलं तर घरी बसेन.”

कझायाने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला, जरा जोरातच. “पन्नास वर्षांत एकदा तुम्हाला कोणी कुठे पाठवलं, आणि तुम्ही घरी बसायची वाट शोधताय.”

तिचंही खरं होतं. पेलेगला कॉन्कॉर्डला जायचं होतं. आयुष्यात दुसरं काहीही त्याने इतकं मनापासून मागितलं नव्हतं. नऊ राज्यांनी हो म्हटलं की घटना लागू होणार होती. तोवर सहा झाली होती. म्हणजे नववं कदाचित आपलंच असेल, आणि आपल्या राज्याची ती घडी येईल तेव्हा आपण वाटाण्याच्या वाफ्यात उभे असू, या विचाराने त्याला रात्रभर झोप लागत नसे. पण गावाची परवानगी चोरून जायचं नव्हतं. सगळा पेच तेवढाच.

मार्चमधला मंगळवार उजाडला. गावसभा भरली. साठ माणसं, साठ ओले कोट, आणि साठ जणांचे बूट. आधी नेमणुका. सभापतींनी विचारलं, डुकरांचा कोतवाल कोण? आणि सगळ्यांनी एका सुरात नाव घेतलं, अमॉस टिल्टन. कारण अमॉसचं फेब्रुवारीत लग्न झालं होतं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच, ज्याची नवी नवरी, त्याच्या गळ्यात गावची मोकाट डुकरं. दोघांपैकी एक तरी रात्री घराबाहेर राहावं, एवढाच गावाचा उद्देश. अमॉस कानापर्यंत लाल झाला. मग कुंपणाचा पंच. तो दर वर्षी पेलेगच असायचा, कारण वाद ऐकायला लागणारा वेळ फक्त त्याच्याकडे होता.

मग पेलेग उठला आणि त्याने आपली मागणी मांडली. ती मांडेपर्यंत खिडकीतलं ऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं.

डीकन उठला. “आम्ही तुला निरोप देऊन पाठवलं होतं, पेलेग. निरोप्याने निरोपच बदलून आणावा, हे ब्रॅमलीत पहिल्यांदा घडतंय. उद्या टपालाची थैली म्हणेल, आतलं पत्र मला पटलं नाही, मी दुसरं लिहिलं.”

सभा हसली.

“थैलीला कान नसतात, डीकन,” पेलेग म्हणाला. “मला होते. थैलीच पाठवायची होती तर थैलीच पाठवायचीत. तिला दोन वेळचं जेवण लागलं नसतं.”

सभा पुन्हा हसली. ब्रॅमलीची सभा दोन्ही बाजूंनी हसते, त्याचा अर्थ काही लावायचा नसतो.

मग डीकनने एकेक काढायला सुरुवात केली. एक राजा समुद्रापार घालवायला आठ वर्षं लढलो, आता राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसरा घरात आणायचा. कर बसवणारे इतके लांब बसणार की त्यांना शिवी दिली तर पोचेपर्यंत ती शिळी होईल. लोकांच्या हक्कांची यादी कुठे आहे? नाहीच. शेवटी त्याने आवाज खाली आणला. एरवी तो कधी आणत नसे, म्हणून सगळे पुढे वाकले.

“आणि दक्षिणेकडच्या मळेवाल्यांना,” तो म्हणाला, “आफ्रिकेतून माणसं पकडून आणून विकायची आणखी वीस वर्षं मुभा. त्या कागदावर तुला ब्रॅमलीचं नाव घालायचंय. यावर तुझं काय म्हणणं?”

  पेलेगच्या मनात हे कलम पहिल्या दिवसापासून खड्यासारखं टोचत होतं, आणि एक्झेटरहून परत येताना ज्या लाथा बसत होत्या त्यातल्या निम्म्या याच कलमाच्या होत्या.

“त्यावर माझ्याकडे उत्तर नाही,” तो म्हणाला. “ते कलम वाईट आहे. तिथेही मी हेच म्हणालो. परत गेलो तर पुन्हा म्हणेन.”

“आणि तरी हो म्हणशील.”

“तरी हो म्हणेन. उरलेलं जे आहे त्यात वाईट कलम बदलायचीही सोय आहे, म्हणून. उशिरा बदलेल, ते मला दिसतंय. आणि त्या उशिराचा जाब मला द्यावा लागेल, तेही दिसतंय.”



“आणि उरलेलं म्हणजे काय?” सभापतींनी विचारलं.

“उरलेलं म्हणजे आपला कोंडवाडा,” पेलेग म्हणाला. “कुंपणातून शिरू नये म्हणून डुकराच्या गळ्यात जू घालायचं की नाही, हे ही सभा ठरवते. मोकाट डुक्कर कोतवाल धरतो, पण दोष कोणाचा ते तो ठरवत नाही. ते कुंपणाचा पंच ठरवतो, पण पंच कधी डुक्कर धरत नाही. आणि कोंडवाड्याची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. ही सगळी कामं आपण एकाच माणसाला का देत नाही?”

“एवढं काम करायला कोणी तयार होत नाही म्हणून,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“ते एक कारण. दुसरं कारण, आपण एकमेकांना ओळखतो.”

डीकनने हात झटकला. “अरे, डुकरांसाठी तीन तीन माणसं लागत असतील. माणसांसाठी एकच लागतो, तो सज्जन हवा. सज्जन निवडा, त्याला काम करू द्या, आणि आपापल्या घरी जा. कसली कुलपं आणि कसल्या किल्ल्या?”

“आणि सज्जन कोण ते कसं कळायचं?”

“ते दिसतं,” डीकन म्हणाला, आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून जरा उजेडात सरकून उभा राहिला.

नेमकी त्याच वेळी दारात डीकनची बायको आली. पायात बूट दोन वेगवेगळे.

“अहो,” ती म्हणाली, “फिफील्डांची डचेस आपल्या अंगणात शिरलीय. काहील रिकामी आहे.”

आता डचेसबद्दल सांगायला हवं. डचेस म्हणजे पेलेगची डुकरीण. अख्ख्या गावात खानदानी अशी तीच एकटी, म्हणून ते नाव. आणि आकार असा, की तिच्या एका कुशीवरचं बर्फ वितळल्यावर दुसऱ्या कुशीवरचं वितळायला पंधरा दिवस लागायचे.

“मागच्या वर्षी आठवडा म्हणाला होतात, काका,” लायमन म्हणाला.

मागच्या वर्षी हिवाळा सौम्य होता. तर डचेसने गळ्यात जू, नाकात कडी, सगळं गावच्या नियमाप्रमाणे घालून डीकनचं कुंपण ओलांडलं होतं, आणि चाळीस गॅलन पाक ती एका दमात प्यायली होती. पुढे महिनाभर ती ज्या झाडाला अंग घासायची, त्या झाडाला लोक भोक पाडून खाली भांडं लावायचे. ओकच्या झाडांनासुद्धा.

सगळी सभा चिखल तुडवत डीकनच्या अंगणाकडे निघाली. सभापतींनी आपली खुर्ची बरोबर घेतली, नाहीतर सभा मोडली असं उद्या कोणी म्हटलं असतं. बायका, मुली, कुत्री, सगळं गाव कुंपणाशी जमलं. अमॉसने कोतवालकीचं पहिलं काम केलं. टोपी काढून डचेसला म्हणाला, बाईसाहेब, चला. आणि ती त्याच्यामागून मुकाट्याने आली.

नियम सरळ होता. कुंपण चार फूट असेल तर दोष डुकराच्या मालकाचा, पाकाची भरपाई त्याने करायची. चार फुटांहून कमी असेल तर दोष कुंपणवाल्याचा, त्याने आपल्या नशिबाला बोल लावायचा.

“पंच कोण?” डीकनने चहूकडे बघत विचारलं. “पेलेग. डुकरीण कोणाची? पेलेगची. वा. हीच का तुझी कुलपं?”

पेलेगच्या हातात मोजायची काठी होती. तीस वर्षं त्याने गावातली कुंपणं मोजली होती; लांबून नजर टाकली तरी त्याला इंच कळायचे. आणि हे कुंपण कमी होतं. काठी टेकवायची, आकडा वाचायचा, की डचेस सुटली, भरपाई सुटली, आणि आकडा खराच असल्यामुळे कोणाला बोलायला जागाही उरली नसती. त्याच्या हाताला ती काठी पुढे न्यायची घाई झाली होती. ती घाई त्याने ओळखली, आणि काठी खाली घेतली.

“मी मोजणार नाही,” तो म्हणाला.

“का रे?”

“कुंपण कमी आहे हे मला इथूनच दिसतंय म्हणून.”

“मग मोज की.”

“इथून दिसतंय ते कोणाला? डुकरिणीच्या मालकाला. त्याच्या डोळ्यांवर मी विसंबणार नाही, तुम्हीही विसंबू नका.”

सभापती खुर्चीत सावरून बसले. खुर्ची आणखी चार इंच रुतली. “मग मोजणार कोण?”

“डीकन,” पेलेग म्हणाला.

गलका झाला. ज्याचं कुंपण तोच मोजणार? पेलेगने गलका संपायची वाट पाहिली; वाट पाहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. “डीकन म्हणाले, सज्जन निवडा आणि त्याला काम करू द्या. मी निवडला.”

डीकनला यात खोच आहे हे कळत होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. आधी त्याने दुसरा मार्ग काढून पाहिला. म्हणाला, मोजामोज कशाला, डुकरीणच दाखवेल. सगळ्यांसमोर पुन्हा ओलांडून दाखवू दे. अमॉसने डचेसला विनंती केली. तिने कुंपणाकडे पाहिलं, साठ माणसांकडे पाहिलं, सभापतींच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि बग्गीत बसणाऱ्या बाईसारखी ऐटीत खाली बसली.

“बघा,” डीकन म्हणाला. “नाही ओलांडता येत.”

“पोटात चाळीस गॅलन पाक आहे, डीकन,” सभापती म्हणाले. “आज तिला उंबरठासुद्धा ओलांडता यायचा नाही. काठी घ्या.”

डीकन गुडघ्यांवर बसला. चांगली विजार होती, सभेची. हाताने चिखल सारखा केला, आणि काठी रुतू नये म्हणून त्यावर एक चपटा दगड ठेवला. दगडावर काठी टेकवली, एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला आणि पहिला उघडला.

“तीन फूट आठ इंच,” तो म्हणाला. “चार बोटं कमी. दोष माझा. डुकरीण सोडा.”

 डीकन उठला तो दुप्पट होऊन उठला. “पाहिलंत? कोतवाल नाही, पंच नाही, किल्ली नाही. स्वतःच्या भांडणात स्वतः निवाडा केला आणि स्वतःविरुद्ध केला. माणूस सरळ असला की झालं. यात तुझी घटना कुठे लागली, पेलेग?”

 डीकनने खरंच सरळपणे मोजलं होतं, आणि त्याबद्दल पेलेगला डीकनचा अभिमानही वाटला होता. म्हणजे आता कागद खिशातच राहणार आणि आपण घरात. त्याने काठीकडे बोट केलं. मग हळूच म्हणाला, “एक विचारू, डीकन? ही साठ माणसं इथे नसती, बायका नसत्या. फक्त तुम्ही, ही काठी आणि डचेस. तर?”

डीकनने तोंड उघडलं. लबाड माणूस असता तर उत्तर तयार होतं. डीकन लबाड नव्हता, त्यामुळे तो आत जाऊन उत्तर शोधायला लागला, आणि शोधताना त्याचा चेहरा उतरत गेला.

“मग,” तो म्हणाला, “चिखलावर दगड ठेवला नसता बहुतेक. चिखल मऊ आहे. काठी जराशी दाबली गेली असती.”

“किती?”

“चार बोटं.”

अशी हसली ती सभा, की देवळाच्या छपरावरचं सगळं बर्फ एकदम घसरून खाली आलं, आणि तीन कोंबड्या जूनमध्ये घालायची अंडी त्याच दिवशी घालून मोकळ्या झाल्या. डीकन तेवढा हसला नाही. त्याने काठी आपल्या कोटाला पुसली, पेलेगच्या हातात दिली आणि सभापतींना म्हणाला, “ठराव मताला टाका. याला सोडायचं की नाही.”

चिखलातच मत घेतलं. सभापती म्हणाले, पेलेगला मोकळं करायचं ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करा. आणि काय सांगू, साठच्या साठ हात वर. पहिला हात डीकनचा. त्याच्याही आधी अमॉस टिल्टनचा, सरळ, ताठ, देवळाच्या कळसासारखा. एकही हात खाली नाही. पेलेगने खिशातला कागद काढून सभापतींना परत केला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते गालावर पोचायला, त्याच्या सगळ्याच कामांप्रमाणे, अर्धा तास लागला.

जूनमध्ये तो कॉन्कॉर्डला गेला. आठ राज्यं झाली होती, नववं आपलं. तिथे मतं मोजली तर अगदी बरोबरीत, इकडचं एक नाही की तिकडचं एक नाही. सगळ्यात शेवटी नाव पुकारलं ते पेलेग फिफील्डचं. तो उठला. अकरा वाजता त्याने ‘हो’ म्हणायला सुरुवात केली, आणि बाराच्या घंटेला तो शब्द पुरा झाला. आणि त्या एका ब्रॅमलीच्या मतावर हा देश उभा—

“खोटं,” हिटी म्हणाली.

तिच्या सुया थांबल्या नव्हत्या.

“डीकनचा हात वर होता, ते खरं. पण हात साठ नव्हते. एकोणतीस तिकडे, एकोणतीस इकडे, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. डचेस बसली-बिसली नव्हती, अमॉस टिल्टन. हात मोजायच्या वेळी ती काहिलीकडे परत निघाली होती, आणि तो कोतवाल तूच होतास, दोन्ही हातांनी तिचे कान धरून चिखलातून फरफटत चालला होतास. तुझा हात मोजलाच नाही कोणी. बाबा कॉन्कॉर्डला गेले नाहीत. त्या आठवड्यात ते घरी वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होते. मी सुतळी देत होते.”